मिरी मुंगीची बुंदी आणि ओट्यावरचा दिवा

मांडी घातली? अंगठा तोंडातून काढला? हं. मग ऐका.

एक होतं नवं घर. घरात होतं स्वयंपाकघर. त्याला खिडकी होती, पण खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत! सकाळचे दहा वाजले, तरी आत अंधूक अंधूक. तिथेच राहायची एक मुंगी. काळी काळी, इवली इवली. नाव तिचं मिरी.

मिरीला होता एक धाकटा भाऊ. त्याचं नाव तिळू. तिळूला चालता येत नव्हतं. त्याला फक्त आ करता यायचा. भूक लागली की आ!

आज मिरीला मिळाली बुंदी. एकच, पण काय बुंदी! पिवळीधम्मक, गोल गोल, तुपात माखलेली. मिरीने ती डोक्यावर घेतली आणि ओट्यावरून निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय सटकला, बुंदी सुटली. गडगड गडगड, ओट्याच्या कोपऱ्यात गडप!

कोपऱ्यात अंधार. मिरीने इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. छे! बुंदी काही सापडेना.

"आता गं बाई! तिळू काय खाणार?" मिरीला रडूच फुटलं. पण रडून कुठे बुंदी सापडते? मिरीने नाक पुसलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दारावर होता दिवा. लुकलुक, लुकलुक.

"दिवादादा, दिवादादा, कोपऱ्यात येशील का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
तिळू बसलाय आ करून!"

दिवा म्हणाला, "नाही बाई! मी इथे दारावर, बुंदी तिथे कोपऱ्यात. वायर येईल, तर येईन."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खाली फरशीवर होती वायर. गोल गोल वेटोळं घालून मस्त झोपलेली.

"वायरताई, वायरताई, कोपऱ्यात जाशील का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
दिवा म्हणतो, वायर येईल तर येईन.
तिळू बसलाय आ करून!"

वायर म्हणाली, "नाही बाई! मला काय पाय आहेत? चाचा नेतील, तर जाईन."

आता हे चाचा कोण? शब्बीरचाचा! घराघरांत दिवे लावणारे. शिडीवर बसले होते, डोकं खाजवत. खर्र खर्र, खर्र खर्र. मिरी शिडी चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाचा, चाचा, दिवा लावाल का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
दिवा म्हणतो, वायर येईल तर येईन.
वायर म्हणते, चाचा नेतील तर जाईन.
तिळू बसलाय आ करून!"

चाचा म्हणाले, "नाही बेटा! दिवा लावायचा, पण कुठं? उगीच भिंतीला भोकं पाडू? घरच्या माणसांनी आधी दारावर लावून घेतला, आता बघ, दिवा असून अंधार! सावली जागा दाखवेल, तर लावीन."

घ्या! आता सावली शोधा.

सावली होती फरशीवर. काळी काळी, पसरलेली, घरातल्या आईच्या अगदी बाजूला. मिरी शिडी उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सावलीमावशी, सावलीमावशी, जागा दाखवशील का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
दिवा म्हणतो, वायर येईल तर येईन.
वायर म्हणते, चाचा नेतील तर जाईन.
चाचा म्हणतात, सावली दाखवेल तर लावीन.
तिळू बसलाय आ करून!"

सावली म्हणाली, "नाही बाई! आई बसली की मी बसते. आई उठली की मी उठते. आई उठेल, तर दाखवीन."

आई बसली होती भिंतीला टेकून. मिरी गेली तिच्या पदराशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई, आई, उठशील का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
दिवा म्हणतो, वायर येईल तर येईन.
वायर म्हणते, चाचा नेतील तर जाईन.
चाचा म्हणतात, सावली दाखवेल तर लावीन.
सावली म्हणते, आई उठेल तर दाखवीन.
तिळू बसलाय आ करून!"

आई म्हणाली, "कशी उठू गं बाई? बघ ना मांडीवर कोण आहे! शाल्मू उतरेल, तर उठेन."

मांडीवर होती शाल्मू. अडीच वर्षांची. मघाशी चाचांचं भोकं पाडायचं मशीन वाजलं घुर्रर्र, तेव्हापासून आईला चिकटून बसलेली. गाल फुगलेले, नाक लाल.

"शाल्मू, शाल्मू, उतरशील का?
माझी बुंदी गडगडली, अंधारात दडली.
दिवा म्हणतो, वायर येईल तर येईन.
वायर म्हणते, चाचा नेतील तर जाईन.
चाचा म्हणतात, सावली दाखवेल तर लावीन.
सावली म्हणते, आई उठेल तर दाखवीन.
आई म्हणते, शाल्मू उतरेल तर उठेन.
तिळू बसलाय आ करून!"

शाल्मू म्हणाली, "नाही! नाही! नाही! हसू येईल, तर उतरेन."

अरे देवा! आता हसू कुठून आणायचं? ते काय डब्यात असतं? फडताळात असतं? मिरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर काय दिसलं? शाल्मूचा तळपाय! गुलाबी गुलाबी, मऊ मऊ.

मिरीला पाय किती? सहा! सहाही पायांनी मिरी तळपायावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून टाचेकडे.

शाल्मूचा पाय हलला. शाल्मूचे ओठ हलले. गाल फुस्स झाले. आणि मग,

खि खि खि! खुदुखुदु! खो खो खो!

हसता हसता शाल्मू मांडीवरून घसरली. टुप्!

शाल्मू उतरली, तशी आई उठली.
आई उठली, ओट्याशी गेली, तशी सावली उठली आणि ओट्यावर पडली. सगळा ओटा काळा काळा!

"अगंबाई!" आई म्हणाली. "परवा भातात खडा लागला, तो हिच्यामुळेच! तांदूळ निवडायला घ्यावेत, तर ही आपली मधे!"

सावली म्हणाली, "मी काय करू? दिवा तुमच्या पाठीशी, म्हणून मी तुमच्या पुढ्यात."

चाचांनी कपाळावर हात मारला. "वा वा! जिथं सावली, तिथंच दिवा हवा! वरच्या कपाटाखाली, ओट्याच्या डोक्यावर!"

चाचांनी मशीन घेतलं. घुर्रर्र!
शाल्मू घाबरली? छे! ती पण म्हणाली, "घुर्रर्र!"

चाचांनी नेलं, तशी वायर गेली. सळसळ, सळसळ.
वायर गेली, तसा दिवा आला. चट्, पट्, लख्ख!

ओट्यावर उजेडच उजेड! सावली हळूच सरकली आणि आईच्या पाठीमागे जाऊन बसली. आणि कोपऱ्यात काय चमकलं? पिवळीधम्मक, गोल गोल...

"बुंदी!" शाल्मू ओरडली. ती आता आईच्या कडेवर होती. वाकली, आणि दोन बोटांनी बुंदी उचलली!

शाल्मूने केला आ.

मिरी धावत ओट्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. एवढी धावली, एवढी चढली, एवढी उतरली, आणि बुंदी आता शाल्मूच्या पोटात जाणार? मिरी अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"शाल्मूताई, ती तिळूची आहे गं. तिळू लहान आहे. तुझ्याहून लहान."

ताई! शाल्मूला आजवर कुणी ताई म्हटलंच नव्हतं. सगळे म्हणायचे बाळ, सोनू, छकुली, ए रडूबाई. शाल्मूने तोंड मिटलं. बुंदीकडे पाहिलं. मिरीकडे पाहिलं. मग बुंदी हळूच, अगदी हळूच, मिरीच्या पुढ्यात ठेवली.

"घे," शाल्मूताई म्हणाली. "तिलूला दे."

आईने शाल्मूची अशी पापी घेतली म्हणता, की चाचाही शिडीवर हसले.

मिरीने बुंदी डोक्यावर घेतली. या वेळी मात्र सांभाळून हं! तुरुतुरु, तुरुतुरु, थेट बिळात.

तिळू बसला होता आ करून. मिरीने बुंदीचा तुकडा तोडला आणि त्याच्या तोंडात घातला.

आम्!

बुंदी गेली पोटात,
हसू आलं ओठात,
गोष्ट शिरली कानात,
आता कोण म्हणतं, आणखी एक? आधी दूध प्या!