बुधरीचा न संपलेला रेला

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठी पोलादाचा कारखाना नव्हता, तेव्हाही कोसमपेठ होतं. गोंडांचं जुनं नगर. ते कुणी वसवलं, हे तिथल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

त्या कोसमपेठेत बुधरी मडावी राहायची. एकटी, पण हसरी. ती नाचायला उभी राहिली की अंगणातली धूळसुद्धा ताल धरायची, असं म्हणतात.

एका पौषात कारखाना बांधायला माणसं आली. साहेबांनी भिंतीसाठी चुन्याची रेघ मारली, ती सरळ नगराच्या मधून गेली. अर्धी घरं तिच्या वाटेत आली, देवाची राई आली, बुधरीची चूलही आली. मजूर कुदळी घेऊन घरं पाडायला आले, तेव्हा गावात पौर्णिमेचा रेला चालला होता. हातात हात गुंफून सगळे गोल नाचत होते. बुधरीनं कुदळी पाहिल्या. पण तिनं हात सोडला नाही.

"साहेब, नाच सुरू हाय जी," ती म्हणाली. "मधीच तोडला तर देव रुसते. संपू द्या, मंग पाडा."

मजुरांबरोबर आलेला बेदरकर साहेब भला माणूस. म्हणाला, "ठीक आहे. संपेपर्यंत थांबतो. शब्द दिला."

बुधरी खुदकन हसली आणि तिनं गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मग तो नाच काही संपेचना! एक दमला की दुसरा त्याची जागा घेई. बायका नाचता नाचताच लेकरांना पेज भरवत. चंद्र झिजला, पुन्हा भरला. मजुरांचे पाय आधी जागच्या जागी हलू लागले, मग एकेक जण कुदळ टाकून रिंगणात शिरला. रिंगण वाढत वाढत सगळ्या नगराभोवती पसरलं. राईतले मोर आले, मेलेले आजे-पणजेही येऊन नाचून गेले, असं म्हणतात.

शेवटी साहेब वैतागून आला. "बाई, याचा शेवट आहे तरी कुठे?"

"बाहेरून नाही दिसत जी. आत येऊन पाहा."

साहेबानं बूट काढले. एका हाताला बुधरी, दुसऱ्या हाताला त्याचाच मजूर. दिवस मावळेपर्यंत तो नाचला, घामानं भिजला, पोट धरधरून हसला. मग त्यानं स्वतःच्या पायानं चुन्याची रेघ पुसली आणि रिंगणाच्या बाहेरून नवी मारली.

आता तिथं मोठं शहर आहे. कोसमपेठ त्याच्या पोटात गेलं, पण कारखान्याची भिंत तिथवर आली की अजून वळसा घेते. पौष पौर्णिमेला पाळी सुटली की कामगार, कुठल्याही मुलखाचे असोत, तिथं जमतात आणि बुधरीचं नाव घेऊन एकमेकांचे हात धरतात. दमले की बसतात. पण नाच संपला, असं तिथं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "जरासा थांबला हाय."