शिंक्यातलं बांगड्याचं तिखलं

मघाशी ताटातल्या बांगड्याकडे बघून नाक कुणी मुरडलं गं? "वास येतो" म्हणे! मी सगळं बघते हो, चष्मा नसला तरी. बांगड्याला बांगड्याचा वास नाही येणार तर काय मोगऱ्याचा येणार? सरका इकडे. पाय गोधडीत घ्या. आज गोष्ट बांगड्याचीच. आणि कुणाला भीती वाटली तर शेजारच्याचा हात धरायचा, माझा पदर ओढायचा नाही. आधीच विरलाय तो.

तर एकदा काय झालं, तेव्हा समुद्र गावाला आत्तापेक्षा जवळ होता. भरतीचं पाणी माडांच्या मुळाशी यायचं. त्या माडांच्या अलीकडे एक मातीचं घर होतं. घरात माणसं तीन. बाबल तांडेल, त्याची बायको शेवंती आणि सात वर्षांची पोर, सुरंगी. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, बरं का. बाबलला पाण्याचा रंग बघून कळायचं, खाली मासा कुठला फिरतोय ते.

आणि खायला त्याला काय आवडायचं? सुरमई? पापलेट? छे! बांगडा. बांगड्याचं तिखलं. तो तिखट रस्सासुद्धा आज केलेला आज नाही खायचा हो. म्हणायचा, "आज शिजतं ते नुसतं पोट भरायला. रात्रभर मुरतं ते जिवाला लागतं." मग शेवंती काय करायची, दोघींपुरतं वाढून घ्यायची आणि त्याचा वाटा मडक्यातच ठेवून मडकं शिंक्यात टांगायची. शिंकं म्हणजे आढ्याला बांधलेली दोरीची झोळी. मांजर कितीही उडी मारो, पोचायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला होडी लागली, की बाबल ओल्या पायांनी आत यायचा, थेट शिंक्याखाली उभा राहायचा आणि वर बघून हसायचा.

मग जेवायला बसायचा. मासा कसा खायचा! काटा असा स्वच्छ, की मुंगीलासुद्धा काही उरायचं नाही. तो काटा ताटाच्या कडेला ठेवायचा, डोकं समुद्राकडे करून. म्हणायचा, वाट चुकायला नको बिचाऱ्याला. आणि पोटाकडचा तुकडा, सगळ्यात तेलकट, सगळ्यात मऊ, तो स्वतः कधी खायचा नाही. तो सुरंगीचा. "ह्या तेल डोळ्यांत उतारता गो," असं म्हणून तिला भरवायचा. खरंच उतरतं बरं का. आता डॉक्टर शिकून सांगतात, तो अडाणी तांडेल तेव्हाच सांगत होता.

एके दिवशी पहाटे बाबल होडीवर निघाला. रात्रीचं तिखलं शिंक्यात होतं. जाता जाता त्यानं झोपलेल्या सुरंगीला हलवलं आणि म्हणाला, "माझो वाटो राख हां. मांजराक खावक दिव नको." सुरंगीनं झोपेतच मान हलवली. आणि उठल्यावर दिवसभर शिंक्याखाली बसून राहिली, मांडीवर काठी घेऊन. मांजर दोनदा आलं, दोनदा हाकललं.

त्या दिवशी होडी आली. बाबल नाही आला.

बांगड्यांचा मोठा थवा लागला होता, सगळे जाळं ओढत होते, आणि एक लाट उठली. एकच. ती बाबलला घेऊन गेली, बाकी कुणाला शिवलीसुद्धा नाही. तीन दिवस शोधलं. समुद्रानं काही त्याला परत दिलं नाही.

शेवंतीला दुःखाचं वेड लागलं हो. घरात माणूस गेलं की रांधलेलं टाकून देतात. तिनं ते मडकं शिंक्यातून काढलं आणि माडाखाली आपटून फोडलं. वर म्हणाली, "ज्या मेल्या मासळीपायी माझा घोव गेला, ती पुन्हा ह्या घरात शिजायची नाही." शपथच घेतली. सुरंगी दारात उभी राहून बघत होती. कुणाचं लक्ष नव्हतं तिच्याकडे.

तेराव्याला पान वाढलं. खीर, वडे, भात, सगळं. कावळा आला, भिंतीवर बसला, आणि शिवेना! चोच मिटून नुसता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. ऊन चढलं, माणसं दमून घरी गेली. कावळा तिथेच.

आणि त्या दिवसापासून सुरंगीनं खाणं सोडलं. पेज ढवळायची आणि तशीच ठेवायची. गाल बसले. केस काथ्यासारखे राठ झाले. मग तिला दिवस मावळला की दिसेना. चालता चालता खांबावर आपटायची पोर. शेवंतीनं विचारलं, दुखतंय का? मान हलवायची, नाही. भूक नाही का? मान हलवायची, नाही. एवढंच.

मग आली अवस. तिन्हीसांजेची वेळ. वारा पडलेला, माडाची एक झावळी हलत नव्हती. शेवंती देवापुढे दिवा लावून आत वळली, तर शिंकं हलत होतं.

रिकामं शिंकं. हळूहळू. इकडून तिकडे.

आणि त्याच्या खाली सारवलेल्या जमिनीवर दोन ओली पावलं. मोठी. शेवंतीनं बोट लावून जिभेला लावलं, खारट. पावलं दारातून आली होती आणि दारातून परत गेली होती. आणि परत जाणाऱ्या पावलांच्या शेजारी छोटी पावलं होती. उंबऱ्यापर्यंत.

उंबऱ्यावर सुरंगी उभी होती, अंधाराकडे तोंड करून.

ए, तो आवाज खिडकीचा आहे. कडी सैल आहे तिची. ऐका गप.

शेवंतीची पाचावर धारण बसली. तिला वाटलं, एकट्याला करमत नाही म्हणून हा पोरीला न्यायला येतोय. नवरा गेला तो गेला, आता पोरही जाणार! सकाळी उठून धावली ती भगताकडे. भगत आला, दारात खिळा ठोकला, लाल मिरच्या टांगल्या, उंबऱ्यावर विझला कोळसा ठेवला आणि कोंबडा घेऊन गेला. बाकी काही असो, कोंबडा नेला बरोबर.

संध्याकाळी शेवंतीनं दार लावून घेतलं, अडसर घातला, पोरीला कुशीत घेतलं. मग काय? डोळा लागला तिचा जरासा. जागी झाली तर कूस रिकामी, अडसर बाजूला काढून ठेवलेला आणि शिंकं हलतंय. पावलं आत आलेली, बाहेर गेलेली. छोटी पावलं ह्या वेळी माडापर्यंत. त्याच माडाखाली सुरंगी खापऱ्यांत बसली होती. हातांनी चाचपडत होती वाळूत. अंगाला हात लावला तर गार.

शेजारणी म्हणाल्या, अगो, चांगलंचुंगलं दे त्याला, इच्छा राहिली असेल. मग शेवंतीनं उसनंपासनं करून मोठं पापलेट आणलं. तळलं, केळीच्या पानावर मांडलं, सोबत साखरभात. पान उंबऱ्यावर ठेवलं. तिन्हीसांजेला पावलं आली. पानाला वळसा घालून आत गेली. शिंक्याखाली थांबली. पापलेट तसंच राहिलं, मांजरानंसुद्धा तोंड लावलं नाही.

आणि त्या दिवशी छोटी पावलं पाण्यापर्यंत गेली.

शेवंती धावली. केस सुटलेले, पदर वाळूत. बघते तर पोर कमरेइतक्या पाण्यात! अहो, जिला घरातला खांब दिसत नव्हता, ती पोर त्या मोठ्या पावलांवर एकेक पाऊल बरोबर ठेवत गेली होती. शेवंतीनं तिला मागून धरलं, छातीशी कवटाळलं आणि समुद्राकडे बघून ओरडली, "माझी पोर नाही द्यायची मी! मला ने हवं तर!"

समुद्रावर लाटसुद्धा नाही.

मग ती वाळूत बसली आणि रडत रडत पोरीला म्हणाली, "बाय माझी, कशाला जातेस गो तू त्याच्या मागनं?"

भगताला विचारलं होतं. शेजारणींना विचारलं होतं. पोरीला कुणी असं विचारलंच नव्हतं!

सुरंगी म्हणाली, "आये, बाबा रोज येऊन शिंक्यात बघता. त्याचो वाटो नाय. माका त्याका सांगूचा हा, मी राखलंय. मांजरान नाय खाल्ल्यान."

एवढंच हो. एवढं ते पोर महिनाभर पोटात घेऊन बसलं होतं. बापानं राखायला सांगितलेला वाटा गेला, मग आपण कसं जेवायचं? शेवंतीनं कपाळावर हात मारून घेतला. "मी फोडलं गो मडकं, मी! तुझा काय दोष?" आणि मायलेकी खूप रडल्या.

दुसऱ्या दिवशी शेवंतीनं शपथ मोडली. किनाऱ्यावर गेली आणि बाबलच्या होडीवरच्या माणसांपुढे उभी राहिली. म्हणाली, "दोन बांगडे द्या."  त्यांनी निवडून दिले. डोळे चकचकीत, कल्ले लाल, पाठ हिरवीनिळी.

आता नीट ऐका, उद्या हेच तुम्हाला करायचंय कधीतरी. तिनं सुक्या मिरच्या भिजवल्या. धणे, हळद आणि मूठभर ओलं खोबरं घेऊन पाट्यावर वाटलं. मूठभर, बरं का, तुमची आई घालते तसा अख्खा नारळ नव्हे. वाटण मडक्यात, वर आमसुलं. तिरफळं बी काढून जराशी ठेचली आणि टाकली. तिरफळाशिवाय बांगडा म्हणजे मिठाशिवाय पेज. रस उकळला, मग मासा सोडला. त्यात डाव घालायचा नाही, मासा मोडतो. मडकंच दोन हातांनी धरून फिरवायचं. आणि वरून तेल नाही ओतायचं. बांगडा आपलं तेल स्वतः घेऊन येतो. थोड्या वेळानं रसावर लाल तवंग आला. त्या वासानं घरात महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी राहतंय असं वाटलं.

मडकं शिंक्यात टांगलं. तिन्हीसांज झाली. पावलं आली, ओली, पाणी टपटपत. शिंक्याखाली थांबली. शेवंती पोरीचा हात घट्ट धरून बसली होती, जीव मुठीत घेऊन. पावलं थोडा वेळ थांबली आणि तशीच परत गेली. मडकं तसंच.

"घेतलं नाही गो त्यानं!" शेवंती रडकुंडीला आली.

सुरंगी म्हणाली, "तो आज कसो खायत? तो उद्याक खाता."

पोरीला कळत होतं, आईला नाही. ती रात्र आणि दुसरा दिवसभर सुरंगी शिंक्याखाली बसली, मांडीवर काठी. शेवंतीही बसली तिच्या शेजारी. मांजर आलं, बघून गेलं.

मग दुसरी तिन्हीसांज. शेवंतीनं मडकं निखाऱ्यावर जरा ऊन केलं. रस दाट झाला होता, मासा लालभडक मुरला होता. भात वाढला, अख्खा बांगडा वाढला, शिंक्याखाली पाट मांडून पुढे ताट ठेवलं. दार सताड उघडलं. मिरच्या काढून फेकल्या, खिळा उपटला. आपल्याच माणसाला कसला कोळसा? मग ताटाकडे पाठ करून दोघी बसल्या. गेलेलं माणूस जेवताना बघायचं नसतं.

मागे पाणी टपकलं. टप. टप. मग पाट सरकला. मग बराच वेळ भात कालवल्याचा आवाज. शेवंती हलली नाही. मग सुरंगीच्या डोक्यावर थेंब पडले. दोन, तीन. केसांवरून कुणी हात फिरवावा तसं पाणी खाली उतरलं. मग सगळं शांत झालं.

त्यांनी वळून बघितलं. ताट रिकामं. कडेला काटा ठेवलेला, स्वच्छ, डोकं समुद्राकडे करून.

आणि ताटाच्या अलीकडच्या बाजूला, सुरंगी नेहमी बसायची त्या बाजूला, पोटाकडचा तुकडा. तसाच. बोटसुद्धा न लागलेला.

न्यायला नव्हता हो आला तो पोरीला. भरवायला आला होता. वाटाच नव्हता, मग त्यातलं पोरीला देणार काय? म्हणून रोज शिंक्यात बघत होता बिचारा.

शेवंतीनं तो तुकडा उचलला, काटा काढला आणि सुरंगीच्या तोंडात घातला. पोरीनं चावला. डोळ्यांतून पाणी, ओठांवर तेल. मग म्हणाली, "आये, भात वाढ." दोन वेळा घेतला मेलीनं!

बाहेर गेलेली पावलं सकाळपर्यंत वाळूत होती. फक्त मोठी. भिंतीवर कावळा आला. शेवंतीनं काट्यासोबत भात ठेवला, कावळ्यानं एक क्षण नाही लावला. चोचीत घेतलं आणि समुद्रावरून उडून गेला.

त्यानंतर ती पावलं कधी आली नाहीत. त्या घरात आठवड्याला बांगडा शिजायला लागला. सुरंगीचे गाल भरले, केस काळेभोर झाले. मग एका पुनवेला तिन्हीसांजेला ती दारात उभी राहिली आणि लांब समुद्रातल्या होडीवरचा दिवा तिनं आईच्या आधी बघितला. मग दोघी सुखानं राहिल्या, जेवल्याखाल्ल्या, म्हाताऱ्या झाल्या.

झाली गोष्ट. आता कुणी म्हणेल, आजी, खरंच पावलं आली होती का? मला काय माहीत, मी होते तिथे? पण स्वयंपाकघरात वर मडकं ठेवलंय. त्यात उद्याचं तिखलं आहे. आणि मघाशी जिनं नाक मुरडलं ना, तिच्यासाठी पोटाकडचा तुकडा मी बाजूला काढून ठेवलाय. मी आहे तोवर काढून ठेवणार. खाशील ना गं उद्या?

बघा, झोपलीसुद्धा. मिटा रे तुम्हीपण डोळे. मांजर आत नाही ना, ते मी बघून येते.