पुलावरचं हिरवं कापड

विधानसभेत आमदार हौसाताई गावित यांनी विचारलं, "कारखान्याच्या सांडपाण्याने आमच्या नदीचं पाणी पिण्यालायक राहिलेलं नाही, हे खरे आहे काय?"

मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं, "हे खरे नाही. कार्यवाहीचा प्रश्न उद्भवत नाही."

"मग परदेशी पाहुणे आले तेव्हा पुलाच्या कठड्याला उंच हिरवं कापड का बांधलं?"

मंत्री हसले. "ताई, पाहुण्यांना काय दाखवायचं हे परराष्ट्र धोरण असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"बरं साहेब. मग एवढंच समजावा, जे पाणी पाहुण्यांना दाखवण्यालायक नाही, ते आमच्या लेकरांना पाजण्यालायक कसं?"

मंत्री कागद चाळू लागले. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. पत्रकार कक्षात हशा पिकला. मी मात्र मान खाली घातली. त्या कापडाजवळ उभा राहूनही मी पलीकडे डोकावलो नव्हतो. बातमी दिली होती, 'पुलाला नवा साज'.