बकुळपरी आणि ‘येते’ म्हणणारी सोनकी

डोंगराच्या ओंजळीत एक वाडी होती. इतकी चिमुकली, की एखादा ढग पाय मोकळे करायला खाली उतरला, तर सगळी वाडी त्याच्या पोटात गडप व्हायची. त्या वाडीत सोनकी नावाची मुलगी राहायची. उतारावर सोनकीची पिवळीधमक फुलं फुलली होती तेव्हा ती जन्मली, म्हणून तिचं नाव सोनकी. नाव सोन्याचं, पण घरात सोन्याचा कण नव्हता. ती रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले. आई शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधून बाजारात विकायची. केरसुण्या खपल्या तर भात, नाहीतर नाचणीची पेज.

पण पेज पिते म्हणून पोर रडूबाई होती, असं मुळीच समजू नका हं! वाडीतली सगळी गुरंढोरं सोनकीची सोयरी. कुणाच्या शेळीच्या खुरात काटा रुतला, की हाक सोनकीला. कुणाचं वासरू दूध पिईना, की हाक सोनकीला. तिने मानेखाली जरा खाजवलं, की मारका बैलसुद्धा शहाण्या बाळासारखा डोळे मिटून उभा राहायचा.

आणि मग एकदा त्यांचीच शेळी आजारी पडली. चांदी तिचं नाव. पांढरीशुभ्र, कपाळावर करडा टिळा. बिचारीचं पोट टम्म फुगलं. सोनकीने पोट चोळलं, ओवा भरवला, पण यापुढे काय करायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. गुरांचा वैद्य राहायचा पार घाटाखाली. तो डोंगर चढून येईपर्यंत चांदीने मान टाकली. सोनकी तिच्या गळ्यातली इवलीशी घंटा मुठीत धरून खूप खूप रडली. डोळे पुसले आणि म्हणाली, “आई, मी गुरांची वैद्य होणार.”

घाटाखाली गुरांच्या वैद्यकीची शाळा होती. तिथल्या वैद्यबुवांनी एकदा बाजारात सोनकीला शेरडाच्या पिलाला हाताळताना पाहिलं आणि ते खूश झाले. म्हणाले, “पोरीचा हात हलका आहे. पाठवा हिला. राहणं, जेवण आणि पुस्तकं, तेवढं मात्र घरून बघा.”

तेवढं म्हणे! ते ‘तेवढं’ सोनकीच्या घरापेक्षा मोठं होतं.

वाडीबाहेर तळं होतं आणि तळ्याकाठी बकुळीची बाग. तिथे सोनकी रोज गजऱ्यांसाठी फुलं वेचायला जायची. त्या दिवशी वेचता वेचता तिला एक फूल जरा जास्तच चमकताना दिसलं. तिने ते अलगद उचललं, तर फूल म्हणालं, “अगं अगं, हळू! पंख चुरगळतील माझे!”

“अगंबाई!” म्हणत सोनकी मटकन खालीच बसली.

तिच्या तळहातावर करंगळीएवढी परी उभी होती. अंगात दुधाळ झगा, पाठीला चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख आणि केसांत दवाचे टपोरे मणी. ती हलली, की निळे, गुलाबी, सोनेरी कवडसे सोनकीच्या नाकावर नाचायचे.

“मी बकुळपरी,” ती म्हणाली. “कुणी पऱ्या स्वप्नं वाटतात, कुणी फुलांना रंग देतात. माझ्याकडे शिष्यवृत्तीचं काम आहे.”

“म्हणजे काय गं?”

“ज्याला शिकायचंय पण घरून जमत नाही, त्याच्या शिक्षणाची सोय करायची. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं.”

सोनकी परीला सांभाळत चटकन उभी राहिली.

“पण नियम आहेत हं, बाळ,” परी म्हणाली. तिने टिचकी वाजवली आणि फांदीवर तीन चंदेरी कळ्या लुकलुकू लागल्या. “काय हवंय ते आपल्या तोंडाने मागायचं. घरात काय नाही ते खरं सांगायचं, तीळभर कमी नाही, तीळभर जास्त नाही. आणि शिकून ते कुणाच्या कामी आणशील, याचा शब्द द्यायचा. तिन्ही कळ्या उमलल्या, की तुझं काम झालं.”

“मला गुरांची वैद्य व्हायचंय,” सोनकी म्हणाली. पहिली कळी टपकन उमलली.

“छान! आता सांग, घरात तांदूळ आहेत?”

“वाढले,” सोनकी म्हणाली.

“बरं. तेल?”

“तेही वाढलं, परवाच.”

“मीठ?”

“वाढलं.”

परी गोंधळली. “हातात बांगड्या दिसत नाहीत तुझ्या?”

“एकच होती. ती पण वाढली.”

“बांगडीसुद्धा वाढली!” परीचे डोळे मोठे मोठे झाले. दुसरी कळी मात्र घट्ट मिटलेलीच राहिली. परी हळूच म्हणाली, “बाळ, तू गोड आहेस. पण तुझ्या घरी तर सगळंच वाढतंय. ही शिष्यवृत्ती ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी आहे. उद्या या बागेतलं शेवटचं फूल गळलं, की मला पुढच्या रानात जायचंय. जाते मी.”

एवढ्या दुःखातही सोनकीच्या तोंडून निघून गेलंच, “अगं, जाते म्हणू नये!” पण परी दिसेनाशी झाली होती.

सोनकी रडतच घरी आली. आईने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि ती खळखळून हसली.

“अगं वेडाबाई! तांदूळ संपले, तर आपण वाढले म्हणतो. बांगडी फुटली, तरी वाढली म्हणतो. संपलं, फुटलं असं अशुभ बोलू नये म्हणून. परीला काय ठाऊक आपली बोली? तिला वाटलं, आपल्या घरी बांगड्यांना पालवी फुटते!”

सोनकीलाही रडता रडता हसू फुटलं. पण आई हसायची थांबली. केरसुणीचा बंद तिच्या बोटांत तसाच राहिला.

“खरं सांगू, सोने? मला त्या शब्दाची सवय लागली, त्याचं आणखी एक कारण आहे. आमच्याकडे नाही, असं म्हणायची मला लाज वाटते. शेजारी विचारतात, जेवलात का? मी उपाशीपोटी म्हणते, हो, आत्ताच. तूही तेच शिकलीस.” तिने सोनकीचे डोळे पदराने पुसले. “पण ताकाला जाऊन भांडं लपवून कसं चालेल? जी मायेने विचारते, तिच्यापुढे कसली लाज? उद्या जा आणि नाही ते नाही म्हणून सांग. माझ्या लाजेपायी तुझी वाट अडायला नको.”

सकाळी सोनकी वाऱ्यासारखी निघाली. पण वाडीच्या वेशीवर राहीकाकू हात हलवत धावत आली.

“सोनकी, धाव गं! माझी शेळी अडलीये. पिलाचा एकच पाय बाहेर आलाय!”

सोनकी थबकली. तिकडे बागेतली फुलं गळत होती आणि इकडे शेळी कण्हत होती. काय करावं? तुम्ही म्हणाल, परी काय रोज भेटते? खरं आहे. सोनकीलाही तसंच वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं याचं तिला वाईटही वाटलं. मग तिला चांदी आठवली. ती वळली.

दुमडलेला पाय हलक्या हाताने सरळ करायला वेळ लागला. पिलू बाहेर आलं, तर श्वासच घेईना. सोनकीने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला आणि गवताने त्याचं अंग खसाखसा चोळलं. अखेर पिलू “म्यँ” म्हणालं, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हातही न धुता सोनकी पळत सुटली.

बागेत फुलांचा सडा पडला होता. झाडावर एकच फूल उरलं होतं, तेही देठाशी डुलत होतं. परी त्यावर पंख पसरून निघायच्या तयारीत होती.

“थांब!” सोनकी धापा टाकत म्हणाली. “काल माझं चुकलं. आमच्याकडे वाढलं म्हणजे... म्हणजे...” मग तिने डोळे मिटले. “तांदूळ नाहीत. तेल नाही. मीठ नाही. बांगडी फुटली. बाबा नाहीत. चांदी नाही.” ती क्षणभर थांबली, कारण जास्त सांगायचं नव्हतं ना! “पण दोन कोंबड्या आहेत. दारात शेवगा आहे. आणि आई आहे.”

दुसरी कळी हळूहळू, पाकळी पाकळी करत उमलली. परीच्या डोळ्यांत दोन चंदेरी थेंब चमकले.

“नाही म्हणायला फार धीर लागतो, बाळ,” ती म्हणाली. “आणि तुझ्या हाताला हे काय लागलंय?”

सोनकीने शेळीची गोष्ट सांगितली. परीने तिचे मळके हात आपल्या चिमुकल्या हातांनी कुरवाळले. इतक्यात देठ कुरकुरला आणि शेवटचं फूल सुटलं. गिरक्या घेत ते खाली येऊ लागलं, आणि तिसरी कळी अजून मिटलेलीच!

“लवकर, सोनकी!” परी ओरडली. “शिकून कुणाच्या कामी येशील? शब्द दे! आणि आत्ताच्या आत्ता वाडीचा निरोप घे बघू, जाते म्हणून!”

गडबडीत सोनकीला मोठमोठं बोलणं सुचेना. ती वाडीकडे वळली. आईच्या चुलीचा धूर दिसत होता, राहीकाकूचा गोठा दिसत होता. जन्मभर जे म्हणत आली, तेच तिच्या तोंडून निघालं.

“येते हं!”

“जाते म्हण ना!”

“नाही. आमच्यात जाते म्हणत नाहीत. येते म्हणतात.”

“का?”

“कारण परत यायचं असतं,” सोनकी म्हणाली. “शिकून मी इथेच येणार. नाहीतर शेळ्यांनी कुणाला हाक मारायची?”

फूल जमिनीला टेकलं, आणि त्याच क्षणी तिसरी कळी फुलली! सगळी बाग चांदण्यासारखी उजळली. परी हसत म्हणाली, “ज्या बोलीने काल तुला मागे ओढलं, तिनेच आज शब्द दिला बघ. जा, सोनकी. तिथे तुझ्या ताटात रोज गरम गरम वाढलेलं असेल. या खेपेला खरंखुरं वाढलेलं!” तिने तीन फुलं सोनकीच्या ओंजळीत ठेवली. ती दाखवताच शाळेचं दार उघडणार होतं.

सोनकी गेली, शिकली. घाटाखालच्या शहरात तिला मोठ्या मोठ्या हवेल्यांतून बोलावणी आली. तिथले घोडे मखमली झूल पांघरायचे. तिने त्यांना औषध दिलं, पण तिथे ती राहिली नाही. शिक्षण पुरं झालं आणि खांद्याला औषधांची पिशवी लावून ती घाट चढली. वाटेत राहीकाकूची शेळी तिच्या अंगाला अंग घासू लागली. सोनकीने आपल्या हातांवर जन्मलेलं ते पिलू लगेच ओळखलं. आता तेच दोन पिलांची आई झालं होतं.

बकुळीच्या बागेत केरसुणी घेऊन आई उभी होती. लेकीच्या वाटेवर पाचोळा नको, म्हणून रोज झाडायची. लेक दिसताच तिच्या हातून केरसुणी गळून पडली.

“आले गं, आई!” सोनकी म्हणाली.

तेवढ्यात फांदीवर एक फूल लुकलुकलं. निळे, गुलाबी, सोनेरी कवडसे सोनकीच्या नाकावर नाचले. करंगळीएवढ्या परीने झिरझिरीत पंख पसरले. प्रकाश वाढत गेला, वाढत गेला, आणि त्यात ती विरघळली. जाताना तिचा बारीकसा आवाज मात्र दोघींनी ऐकला.

“येते हं!”