टाकीतले दगड

एकदा एक गृहिणी आपल्या वृद्ध गुरुजींवर चांगलीच रागावली, आणि रागावता रागावता स्वतःच्या घराचे कोडे सोडवून परत आली. शिष्याने गुरूवर रागावू नये असे म्हणतात. पण कधी कधी त्या रागातूनच शहाणपणाची वाट निघते, त्याला काय करणार?

ही गृहिणी म्हणजे रत्नमालाबाई. घाटमाथ्यावरच्या एका बाजारपेठेच्या गावात त्यांच्या यजमानांचे कापडाचे दुकान होते, आणि घरात रत्नमालाबाईंचे राज्य. राज्य म्हणजे जुलमी नव्हे हं, व्यवस्थित. डोळे बांधून स्वयंपाकघरात सोडले असते तरी त्यांची जिऱ्या-मोहरीत गल्लत झाली नसती. प्रत्येक डब्याची जागा त्यांच्या सासूबाईंनी ठरवून दिलेली, आणि सासूबाई गेल्यावरही ती तसूभर सरकली नव्हती. शेजारपाजारच्या बायका नव्या सुनांना मुद्दाम हे स्वयंपाकघर दाखवायला घेऊन येत. रत्नमालाबाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो असायलाही हरकत नव्हती.

गेल्या वर्षी त्यांच्या सुयशचे लग्न झाले. सून मालवणकडची, नाव केतकी, कॉलेजात शिकवणारी. सासू म्हणून आपल्या हातून काही उणे पडू नये याची रत्नमालाबाईंनी फार काळजी घेतली. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच भटजींना थांबवून सांगितले, आहे तेच नाव लिहा, चांगले आहे. वर्षभरात त्या सुनेला एका शब्दाने दुखावून बोलल्या नाहीत. हे घर तुझेच समज, असे तर त्यांनी इतक्या वेळा सांगितले की केतकीला ते वाक्य पाठ झाले असेल.

आणि तरीही एके दिवशी जेवताना सुयश म्हणाला की कॉलेजजवळच्या नव्या वसाहतीत त्या दोघांनी एक फ्लॅट पाहिला आहे. भाड्याने मिळतो आहे. रविवारपर्यंत मालकांना काय ते कळवायचे आहे. केतकी मान खाली घालून भात कालवत राहिली. भांडण नाही, तंटा नाही, कोणाचा आवाज चढला नाही. भांडण असते तर मिटवता तरी आले असते. एकुलता एक मुलगा आणि मनापासून आवडलेली सून दोघेही घरातून निघाले होते, आणि आपले काय चुकले हे रत्नमालाबाईंना काही केल्या उमगत नव्हते.

अशा मनःस्थितीत त्या नेहमीप्रमाणे गुरुवारी दुपारी गुरुजींकडे गेल्या. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले संस्कृतचे शिक्षक. रत्नमालाबाई शाळेत त्यांच्याकडेच शिकल्या होत्या, आणि संसारातून सवड मिळू लागल्यावर पुन्हा त्यांच्याकडे सुभाषिते शिकायला जाऊ लागल्या होत्या. गुरुजींच्या पत्नी वारल्यावर लेकीने त्यांना माशांची काचेची टाकी आणून दिली, तेवढाच म्हाताऱ्याचा जीव रमेल म्हणून. जीव इतका रमला की मासे आधी आणि शिष्य मागाहून अशी वेळ आली. टाकीत एक थोराड नारिंगी मासा होता. तळाशी आडव्या ठेवलेल्या मडक्याच्या खापराखाली त्याचे ठाण असे. तिथून तो सगळ्या टाकीवर नजर ठेवी, म्हणून येणारेजाणारे त्याला पाटील म्हणत. मागच्या दिवाळीत गुरुजींनी त्याला सोबती आणला होता. पाटलाने त्याला कोपऱ्याकोपऱ्यातून हुसकावले, त्याचे पर कुरतडले, आणि काही दिवसांतच तो सोबती मेलेला आढळला. गुरुजींनी ते फार मनाला लावून घेतले होते.

रत्नमालाबाई ओसरीवर आल्या तेव्हा टाकीतला दिवा मालवलेला होता. पाण्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी तरंगत होती आणि तीत दोन चिमुकले चंदेरी मासे होते. हे त्यांना ठाऊक होते. दुकानातून आणलेले मासे एकदम टाकीत सोडत नाहीत. पिशवी आधी तरंगत ठेवतात, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारखेच कोमट होते. पण गुरुजींचे जे चालले होते ते काही त्यांना कळेना. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारून म्हातारबुवांनी हात पाण्यात घातला होता आणि ते तळातले दगड एकेक करून उचलून भलतीकडेच ठेवत होते. उजवीकडची वनस्पती उपटून डावीकडे रोवली. शेवटी त्यांनी पाटलाचे खापरही उचलले आणि पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. पाणी गढूळ झाले. बिचारा पाटील आपल्या जुन्या जागी येऊन वाळूकडे बघत राही, पुन्हा वर जाई, पुन्हा येई.

एरवी रत्नमालाबाईंनी गुरुजींपुढे कधी ब्र काढला नव्हता. पण आज मन आधीच भरून आलेले. त्यांना राहवले नाही.

"गुरुजी, हा कुठला न्याय? पाहुणे येणार म्हणून घरच्या कर्त्याला बेघर करायचं? त्यानं काय तुमचं घोडं मारलंय?"

गुरुजींनी हात पुसायला पंचा मागितला. मग वाटीभर टाकीचे पाणी पिशवीत ओतले, पिशवी पुन्हा तरंगत ठेवली, आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला. रागावलेल्या माणसाला आधी चहा द्यावा हा त्यांचा जुना नियम. चहा होईपर्यंत त्यांनी पिशवीत आणखी दोनदा पाणी ओतले आणि मग मासे अलगद टाकीत सोडले.

रत्नमालाबाई श्वास रोखून बघत होत्या. पाटील आता त्यांच्या अंगावर धावणार, असे त्यांना वाटले. पण पाटलाला सवड कुठे होती? तो खापर शोधत होता. त्याने एका दगडामागे डोकावून पाहिले, तिथे एक चंदेरी मासा आधीच जाऊन बसला होता. पाटील थबकला आणि पुढे गेला. दुसरा नवा मासा त्याच्या शेपटीजवळून निघून गेला तरी त्याने वळून पाहिले नाही. बऱ्याच वेळाने त्याला दुसऱ्या टोकाचे खापर सापडले. तो आत शिरला, फिरून तोंड बाहेर काढले, आणि स्वस्थ झाला. नवे दोघे वनस्पतीपाशी घुटमळत होते. कोणी कोणाला छळत नव्हते.

मग गुरुजी बोलले.

"मागच्या वेळी मी नव्या माशाचं सगळं यथासांग केलं होतं, रत्ना. पिशवी तरंगत ठेवली, पाणी थोडं थोडं मिसळलं, दिवासुद्धा लावला नाही. तरी तो गेला, आणि मी पाटलाला दुष्ट ठरवून मोकळा झालो. तो दुष्ट नाही गं. त्याला एकेक दगड पाठ होता. सगळी जागाच ज्याची, त्याच्या घरात नवा कुठेही गेला तरी चोरच ठरतो. मुकाट कोपऱ्यात उभा राहिला तरी तो कोपरा पाटलाचाच. आज दगड हलवले, म्हणून आज टाकीत तिघंही नवे आहेत. नव्यानं पाण्याची सवय करून घ्यावी, हे सगळ्यांना कळतं. जुन्याचीही सवय थोडी मोडावी लागते, ते कोणी करत नाही. दोन्ही केल्याशिवाय भागत नाही."

रत्नमालाबाईंचा चहा हातातच निवला. फ्लॅटचा विषय त्यांनी अजून काढलाच नव्हता. तो त्यांनी आता काढला, सगळा सांगितला. गुरुजींनी ऐकून घेतले आणि ते एवढेच म्हणाले की घरी जाऊन बघ, मुले थांबतीलच अशी हमी काही मी देत नाही.

वाटेत रत्नमालाबाईंनी मनातल्या मनात गुरुजींशी बरेच भांडण केले. मी काय तिला चावले? मी तर तिला शब्दानेही बोलले नाही. इथवर आल्या आणि चालता चालता थांबल्या. शब्दाने बोलल्या नव्हत्या हे खरे. पण केतकी सकाळी घाईच्या वेळी चहाचा डबा शेगडीजवळ ठेवून जाई, तेव्हा तो उचलून पुन्हा जागच्या जागी कोण ठेवत होते? वाट्या खालच्या कप्प्यात ठेवल्या की संध्याकाळपर्यंत त्या वर कशा जात होत्या? एक अक्षर न बोलता, हसतमुखाने, वर्षभर त्या सुनेने ठेवलेली प्रत्येक वस्तू परत आपल्या जागेवर नेत आल्या होत्या. रत्नमालाबाईंना भररस्त्यात स्वतःची लाज वाटली.

शनिवारी केतकीला सुट्टी होती. सकाळीच रत्नमालाबाईंनी फळ्यांवरचे सगळे डबे खाली काढून जमिनीवर मांडले. यजमान चहासाठी आले, दारातच थबकले, आणि चहा दुकानावरच घेतो म्हणून पायाला पाय लावून पळाले. केतकी आली ती घाबरूनच. काही सांडले-लवंडले का, असे तिने विचारले.

"फळ्या तू लाव," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मी हातात देते."

केतकीने निमूटपणे पहिला डबा घेतला आणि होता तिथेच नेऊन ठेवला. वर्षभरात तिलाही सगळ्या जागा पाठ झाल्या होत्या. रत्नमालाबाईंनी तो पुन्हा खाली घेतला. म्हणाल्या, तिथे माझ्या सासूबाई ठेवायच्या, तुला कुठे सोयीचा पडेल ते सांग. केतकी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने भीत भीत चहा-साखर शेगडीपाशी ठेवली. पीठ खाली आले. डाळी वर गेल्या. हळूहळू तिचा हात चालू लागला, तोंडही चालू लागले. हळदीचा डबा तर तिने अशा ठिकाणी ठेवला की रत्नमालाबाईंनी तो उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या मागच्या दारी जाऊन तांब्याभर पाणी पिऊन आल्या.

एक फळी अर्धी मोकळी राहिली. केतकी तिच्याकडे जरा वेळ बघत उभी राहिली. मग आपल्या खोलीत गेली आणि पलंगाखालून सुतळीने बांधलेले एक खोके ओढत घेऊन आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बिडाचा तवा होता, चांगला जड. तिच्या आजीचा, घावण्यांचा. लग्नात आजीने तो स्वतःच्या चुलीवरून उतरवून तिला दिला होता. वर्षभर बांधून पडल्याने त्याच्यावर गंज चढला होता.

"अगं, इतके दिवस काढला का नाहीस?" रत्नमालाबाईंनी विचारले.

"ठेवायचा कुठे, आई?" केतकी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

रत्नमालाबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. तवा घेऊन त्या न्हाणीघरात बसल्या. नारळाची शेंडी आणि मीठ घेऊन त्यांनी तो घासघास घासला, धुतला, पुसला, तेल लावून मंद आचेवर तापवला. मी करते, मी करते म्हणून केतकी मागे लागली होती, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. अर्धी फळी केतकीच्या मालवणी मसाल्यांना गेली, आणि सुयशने शेगडीशेजारच्या भिंतीत भक्कम खुंटी ठोकून तवा टांगला.

रविवारी घावणे झाले. पहिले फाटले, दुसरे चिकटले. तिसरे मात्र असे जाळीदार उतरले की यजमानांनी दुकानाची किल्ली बाजूला ठेवून पाटच ओढला. खोबऱ्याची चटणी, गरम घावणे, आणि सगळ्यांची तोंडे भरलेली असतानाच फ्लॅटच्या मालकांचा फोन आला. रत्नमालाबाईंनी ठरवले होते की मुले जातो म्हणाली तरी हसून हो म्हणायचे. सुयशने फोन घेतला, त्यावर हात धरला आणि बायकोकडे पाहिले.

केतकीने उलथन्याने घावणे परतले. "नको म्हणून सांग त्यांना," ती म्हणाली. "एवढा जड तवा आता पुन्हा कोण उतरवणार?"

रत्नमालाबाईंनी आपली ताटली पुढे केली आणि आणखी एक घावणे मागून घेतले.

घरात नवे माणूस येणार असेल तर औक्षणाचे ताट तयार ठेवावेच. पण त्याआधी आपली एखादी भरलेली फळी स्वतःच्या हाताने रिकामी करावी.