पेवाचा दावेदार

एकदा एका नदीकाठच्या पेठेत लढाई निवली आणि हळदीचा एक बडा व्यापारी नुकसानभरपाई मागायला पुढे आला. परमुलखातली फौज वर्षभर त्याच्या पेढीत ठाण मांडून बसली होती. राजाने दाव्यांच्या पाहणीसाठी एका वृद्ध आचार्यांना नेमले होते. ते आपल्या शिष्यासह भर दुपारी तिथे आले.

भरपाई मिळणार म्हटले की माणसाची स्मरणशक्ती कशी तल्लख होते, ते या व्यापाऱ्याकडे पाहून कळावे. उखडलेली फरशी, सरपणाला गेलेली दारे, फुटका रांजण, काही म्हणून तो विसरला नव्हता. तिथली रीत अशी की, ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव त्या त्या जागेपाशी मोठ्याने उच्चारायचे. व्यापारी प्रत्येक ठिकाणी आपले नाव ठणठणीत आवाजात सांगत होता. भरपाई मिळाली नाही तर पेढी बंद पडणार होती, हेही खरेच होते. आचार्यांनी एकेक दावा मान्य केला.

शेवटी तो त्यांना परसातल्या पेवापाशी घेऊन गेला. पेव म्हणजे हळद साठवायची, जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठी. फौजेमुळे हे पेव निकामी झाले, असे त्याचे म्हणणे होते. निकामी म्हणजे नेमके काय झाले, असे शिष्याने विचारताच तो चाचरला. हमाल त्यात उतरत नाहीत, आत कुणीतरी श्वास घेते म्हणतात, अडाणी माणसे ती, असे काहीबाही सांगू लागला.

बंद पेवातली हवा मरते. म्हणून झाकण काढल्यावर आधी दिवा सोडतात. दिवा विझला तर कुणी खाली उतरत नाही. हे पेव कित्येक महिने उघडलेच नव्हते. शिष्याने झाकण सारून दोरीने दिवा खाली सोडला. तो तळाला टेकला, पण विझला नाही. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी ज्योत एका अंगाला कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तशी. 

आचार्य शांतपणे म्हणाले, "हाही दावा मंजूर. शेठजी, ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव तेवढं सांगा."

शिष्याला याचा काही उलगडा होईना. व्यापारी पेवावर वाकला. स्वतःचे नाव घ्यायला त्याने तोंड उघडले आणि आवाज निघाला, "सुभाना." तो दचकला. तोंड मिटायला गेला, पण ओठ हलतच राहिले. "भिवा. धोंडी."

ज्योत विझली.

व्यापारी मटकन खाली बसला. ते तिघे त्याच्याच पेढीचे हमाल होते. हेर समजून फौजेने त्यांना पकडले, कोंडायला जागा मागितली आणि खोल्या बिघडतील म्हणून त्याने रिकामे पेव दाखवले होते.

"ते शिपाई डोंगराळ मुलखातले," तो म्हणाला. "त्यांना पेव ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. झाकण लावताना मी बोललो नाही. सकाळी तिघांना वर काढलं, तेव्हा ते मेलेले होते."

आचार्य म्हणाले, "शेठजी, तुमचा दावा खोटा नव्हता. या जागी हानी झाली, ती थोरही आहे. तिचे दावेदार मात्र तुम्ही नव्हता. लढाई सगळ्यांचंच काही ना काही हिरावून नेते, म्हणून प्रत्येकाला आपण केवळ लुबाडले गेलो असं वाटतं. आपल्या हातून कुणाचं काय गेलं, ते त्या गलबल्यात झाकून टाकणं फार सोपं असतं."

भरपाई कुणाला द्यायची, असे शिष्याने हळूच विचारले. त्यांची घरे शेठजींना माहीत आहेत, एवढेच आचार्य म्हणाले.

व्यापारी उठला आणि हमालांच्या आळीत गेला. सुभानाची बायको दारात सुपाने धान्य पाखडत होती. शेठ स्वतः आलेले पाहून ती गडबडीने उभी राहिली, बसायला घोंगडी आणू लागली.

"घोंगडी नको, बाई," तो म्हणाला. "आधी मी काय केलं ते ऐक."