डावे खडे, उजवे खडे

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात तापाची साथ आली. विभावरी नावाच्या वैद्यबाईने एका झाडाच्या सालीचा काढा आटवून त्याचे पांढरे खडे केले. ते घेतले की ताप उतरे, पण रोगी बहिरा होई.

अशातच राजाची धाकटी बहीण तापाने फणफणली. राजा म्हणाला, "वैद्यबाई, तिला वाचवा. पण तिचे कान जाऊ देऊ नका."

विभावरी खडे घेऊन उन्हात बसली. औषधात भेसळ नव्हती. मग तेच औषध तारतंही कसं आणि बाधतंही कसं? एकेक खडा निरखताना ती एकदम थबकली. प्रत्येक खड्याचा एक कोपरा तिरका होता. काहींचा डावीकडे, काहींचा उजवीकडे. जणू आपले दोन हात, दिसायला सारखे, पण एकावर एक ठेवले तर न जुळणारे.

तिने चिमट्याने दोन ढीग केले. उजव्या खड्याचा एक कण तिने आधी स्वतः घेतला. कानांत घणघण सुरू झाली. ती ओसरल्यावर तिने डाव्याचा घेतला. कान शांत राहिले. ती तशीच राजवाड्याकडे धावली.

तिचं म्हणणं ऐकून म्हातारे राजवैद्य हसले. "साल तीच, काढा तोच. डावं-उजवं काय करणार?"

"आचार्य, उजव्या पायाची वहाण डाव्या पायात घालून पाहा. चामडं तेच, तरी पाय बसत नाही. शरीरातही औषधासाठी अशाच बारीक जागा असाव्यात. जिथे आकार जुळतो, तिथेच औषध बसतं आणि काम करतं. उजवा खडा कानाच्या जागी बसतो, हे मी स्वतः घेऊन पाहिलंय; म्हणजे ताप उतरवणारा डावाच असणार."

राजाची बहीण अंथरुणातून म्हणाली, "द्या तो डावा खडा. मी घेते."

संध्याकाळपर्यंत तिला दरदरून घाम फुटला, अंग निवलं. डोळे उघडून तिने विचारलं, "दाराबाहेर कोण खोकतंय?"

राजवैद्यच खोकत होते. ते आत आले, विभावरीसमोर बसले आणि म्हणाले, "बाई, मलाही एक चिमटा द्या."

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या अंगणात अख्खं गाव खडे निवडायला बसलं. गावोगावी फक्त डावे खडे गेले. साथ हटली आणि पुढे कुणाचेही कान गेले नाहीत.

तात्पर्य : वस्तू कशाची बनली एवढंच पाहू नये, ती कशी घडली आहे हेही पाहावं, कारण गुण घडणीतही असतो.